कर्नल बिल्ड झाला, बूटही झाला, पण वायफाय नाही: टूल्सच्या गोंधळातून वाट कशी काढायची?

विचारणाऱ्याची अडचण थोडक्यात अशी. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट 21 आहे, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) 5.15. आतलं वायफाय बंद पडलंय, म्हणून रिअलटेक आरटीएल 8821सीयू चिपचा यूएसबी डोंगल आणला. तो चालेना. नव्या कर्नलमध्ये याचा ड्रायव्हर आहे असं कळल्यावर कर्नल डॉट ऑर्गवरून 6.12 उतरवला आणि लेख वाचायला घेतले. एक लेख म्हणतो ‘मेक-केपीकेजी’ चालवा, दुसरा म्हणतो आधी ‘मेक डेप’, तिसरा सरळ ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’वर येतो. कॉन्फिगरेशनच्या वेळी, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचं ते ठरवताना, शेकडो प्रश्न आले, त्यांना नुसतं एंटर दाबत गेले. मग सर्टिफिकेटच्या एका फाइलवरून बिल्ड (सोर्स कोडपासून कर्नल तयार करण्याचं काम) थांबला, तो सुटला तर डिस्क भरली. अखेर नवा कर्नल बूट झाला, तरी वायफाय नाहीच. आता विचारतायत: या टूल्सचं धड डॉक्युमेंटेशन कुठे असतं, आणि नवख्या माणसाने ते वाचायचं कसं?

तक्रार रास्त आहे. कर्नलची कागदपत्रं कमी नाहीत, पण ती लिहिणारे बहुतेक स्वतः कर्नलवर काम करणारे असतात आणि वाचणाऱ्यालाही निम्मंअर्धं ठाऊक आहे असं धरून चालतात. तरीही तुमची अडचण कागद नसण्याची नाही. तुम्ही वेगवेगळ्या काळातल्या आणि वेगवेगळ्या हातांनी बनवलेल्या टूल्सच्या सूचना एकत्र केल्यात. त्या एकमेकींशी जुळणं शक्यच नव्हतं. कामाचा भाग म्हणून मी नेहमी कर्नल बिल्ड करतो, आणि नवीन येणाऱ्यांपैकी बहुतेक जण इथेच अडकलेले बघतो. कमांड चुकीच्या नसतात, पण कुठली कमांड कुणाची हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पुढे कमांड आणि फाइलींची नावं मी देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची. कॉन्फिगच्या पर्यायांची नावं कॅपिटल अक्षरांत, बाकी सगळं स्मॉलमध्ये; फक्त ‘डॉक्युमेंटेशन’ या फोल्डरचं पहिलं अक्षर कॅपिटल.

‘मेक डेप’ 2.4 मालिकेपर्यंत लागायचं. डिसेंबर 2003 मध्ये 2.6 आला, तेव्हापासून कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे बिल्ड होतानाच आपोआप ठरतं. आज दिसणारी मेनूची व्यवस्था, म्हणजे केकॉन्फिग, 2002 साली 2.5.45 मध्ये आली. त्यामुळे ‘मेक डेप’ सांगणारा लेख वीस वर्षांहून जुन्या कर्नलचा आहे. ‘मेक-केपीकेजी’ तर कर्नलच्या सोर्समधलं नाहीच. ते डेबियन या लिनक्स डिस्ट्रोच्या (म्हणजे वापरायला तयार लिनक्सच्या संचाच्या) ‘कर्नल-पॅकेज’ नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये यायचं आणि डेबियनने ते पुढे काढून टाकलं. तेच काम आता सोर्समधलं ‘मेक बिनडेब-पीकेजी’ करतं. तुमच्या तिसऱ्या लेखातलं ‘मेक इन्स्टॉल’ आजही चालतं, पण मिंटवर मी ते का टाळतो हे पुढे येईल.

म्हणून कोणतीही कमांड हाताला लागली की आधी एवढंच तपासा: ही कर्नलच्या सोर्समधली आहे, तुमच्या डिस्ट्रोने दिलेली आहे, की तिसऱ्याच कुणाची? सोर्समधली असेल तर त्या फोल्डरमध्ये उभं राहून ‘मेक हेल्प’ म्हणा. त्या आवृत्तीत काय काय चालतं याची यादी येते. यादीत नसेल तर त्या लेखातल्या पायऱ्या तुमच्या आवृत्तीसाठी नाहीत असं समजा. नवख्यांसाठी याहून भरवशाचा कागद नाही, कारण तो तुमच्याच सोर्समधून येतो आणि म्हणून शिळा होत नाही.

आता मुळाकडे येऊ. डोंगल चालावा एवढंच हवं असेल तर कर्नल बिल्ड करायची गरज बहुधा नाही. आरटीएल 8821सीयूचा यूएसबी ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये 6.2 पासून आहे, त्यामुळे तुमच्या 5.15 वर तो डोंगल आपोआप चालणारच नव्हता. पण मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’ मेनूखाली ‘लिनक्स कर्नल्स’ असा पर्याय असतो. मिंट 21 मध्ये तिथून उबंटूचा 6.8 मालिकेतला तयार कर्नल घेता येतो. तो सही केलेला असतो आणि त्याचे सुरक्षा-अपडेट आपोआप येत राहतात. उद्या परीक्षेचा फॉर्म भरायचाय आणि इंटरनेट हवंय, अशी परिस्थिती असेल तर हेच करा.

कर्नल टाकण्याआधी डोंगल लावून ‘एलएसयूएसबी’ (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारी कमांड) चालवून बघा. रिअलटेकचे बरेच डोंगल लावल्या लावल्या वायफाय म्हणून ओळख देतच नाहीत. आपल्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेली सीडी आहोत असं ते भासवतात. आयडी 0बीडीए:1ए2बी असा दिसला तर डोंगल अजून त्याच रूपात आहे आणि जगातला कुठलाही वायफाय ड्रायव्हर त्याला धरणार नाही. ‘यूएसबी-मोडस्विच’ हे पॅकेज याच कामासाठी आहे. फाइल मॅनेजरमध्ये दिसणारी ती सीडी ‘इजेक्ट’ केली तरी बहुतेक डोंगल वायफाय होऊन परत येतात. दुसरी तपासणी ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडमध्ये. तिथे ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ अयशस्वी, एरर उणे 2, अशी ओळ असेल तर ड्रायव्हर सापडला आहे, फक्त फर्मवेअरची (डोंगलच्या चिपमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) फाइल जागेवर नाही. उणे 2 म्हणजे फाइल नाही. अशा वेळी कर्नल पुन्हा बिल्ड करण्यात अर्थ नसतो, ‘लिनक्स-फर्मवेअर’ पॅकेज अद्ययावत करायचं असतं.

पण तुमच्या प्रश्नावरून शिकण्याची इच्छाही दिसते, आणि ती मला महत्त्वाची वाटते. म्हणून यापुढचं सगळं शिकण्यासाठी. इथे परिस्थितीप्रमाणे फरक पडतो: प्रोसेसर किती कोअरचा, रॅम किती, डिस्कवर जागा किती, सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच कर्नल सुरू होऊ देणारी सोय) चालू आहे का. दोन कोअरच्या जुन्या मशीनवर उबंटूची पूर्ण कॉन्फिग घेऊन बसलात तर काही तास जातील. छाटलेल्या, म्हणजे नको ते पर्याय काढलेल्या कॉन्फिगने तेच काम बऱ्याच कमी वेळात होतं.

फोल्डरचं नाव हीसुद्धा दुर्लक्ष करण्यासारखी बाब नाही. सोर्स ज्या फोल्डरमध्ये उघडाल त्याच्या पूर्ण मार्गात स्पेस किंवा कोलन चालत नाही. ‘माय प्रोजेक्ट्स’ असं मधे जागा सोडून नाव दिलेलं असेल तर मेक पहिल्याच क्षणी थांबतं. होम फोल्डरमध्ये साधं एकशब्दी फोल्डर करा. ‘/यूएसआर/एसआरसी/लिनक्स’मध्ये काम करायला सांगणारे लेख अजून फिरतायत, पण कर्नलची स्वतःची रीडमी तसं करू नका म्हणते. बिल्ड करायला रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) व्हायचीही गरज नाही. रूट लागतो तो फक्त इन्स्टॉल करताना.

उतरवलेल्या फाइलची सही तपासणार असाल तर एक खाचखळगा लक्षात असू द्या. कर्नल डॉट ऑर्गवरची सही दाबलेल्या ‘.टार.एक्सझेड’ फाइलची नसते, आतल्या ‘.टार’ फाइलची असते. आधी एक्सझेड सोडवायचं, मग जीपीजी या सही तपासणाऱ्या टूलने तपासायचं. नाहीतर चांगली फाइलही बनावट ठरते.

आता कॉन्फिगरेशन. वायफाय इथेच हरवलं, म्हणून यावर मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे.

तुम्ही ‘/बूट’मधली चालू कर्नलची कॉन्फिग ‘.कॉन्फिग’ या नावाने सोर्समध्ये आणली असणार. सुरुवात योग्य आहे. (काही जुने लेख त्यानंतर ‘मेक मिस्टरप्रॉपर’ चालवायला सांगतात. ती कमांड आणलेली ‘.कॉन्फिग’ही पुसून टाकते. चालवायचीच असेल तर कॉपी करण्याआधी.) पण ही कॉन्फिग 5.15 ची आहे आणि सोर्स 6.12 चा. मधल्या काळात आलेल्या पर्यायांबद्दल जुन्या फाइलमध्ये एक अक्षरही नाही. ‘मेक ओल्डकॉन्फिग’ हे पर्याय एकेक करून विचारतं. तुम्हाला आलेले शेकडो प्रश्न तेच. ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ काही न विचारता प्रत्येकाला ठरलेलं उत्तर देऊन टाकतं. एंटर दाबत जाणं आणि ओल्डडेफकॉन्फिग यांचा परिणाम एकच.

आणि ठरलेलं उत्तर काय असतं? नव्या ड्रायव्हरसाठी जवळजवळ नेहमी ‘नाही’. प्रश्नाच्या ओळीकडे नीट बघा. ‘रिअलटेक 8821सीयू यूएसबी वायरलेस नेटवर्क अ‍ॅडॅप्टर’ असं नाव, पुढे चौकटी कंसात एन (नाही), एम (मॉड्यूल, म्हणजे गरजेप्रमाणे कर्नलमध्ये चढणारा वेगळा तुकडा) आणि प्रश्नचिन्ह, शेवटी ‘न्यू’. त्या कंसातलं कॅपिटल अक्षर म्हणजे नुसतं एंटर दाबल्यावर जाणारं उत्तर, आणि इथे कॅपिटल असतो तो एन. म्हणजे ज्या ड्रायव्हरसाठी एवढा खटाटोप केला तोच एंटरच्या ओघात नाकारला गेला. कर्नल बरोबर बिल्ड झाला, बरोबर बूट झाला, आणि त्यात ड्रायव्हर नव्हता. टूलने एररही दिला नाही, कारण त्याच्या दृष्टीने तुम्ही तसंच सांगितलं होतं. ही गोष्ट नवख्यांसाठीच्या लेखांत पहिल्या परिच्छेदात यायला हवी असं माझं ठाम मत आहे. बहुतेकांत ती नसतेच.

‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ने तर आणखी गुंता होतो. ही कमांड या घडीला कोणती मॉड्यूल चढलेली आहेत ते ‘एलएसमॉड’वरून बघते आणि बाकीची सगळी बंद करते. बिल्डचा वेळ वाचवायला याच्याइतकं दुसरं काही नाही, मी स्वतः रोज वापरतो. पण तुमच्या बाबतीत विचार करा. डोंगल 5.15 वर ओळखला जात नव्हता, म्हणून त्याचं मॉड्यूल चढलेलं नव्हतं. आतलं वायफायही बंद, म्हणून ‘मॅक80211’ हा वायरलेसचा सामाईक पायाही चढलेला नसण्याची शक्यता मोठी. लोकलमॉडकॉन्फिग तोही काढून टाकतं. मग ‘आरटीडब्ल्यू88’ हा पर्याय, ज्याखाली 8821सीयूचा ड्रायव्हर येतो, तो मेनूत दिसतच नाही, कारण तो मॅक80211 वर अवलंबून आहे. जे दिसत नाही ते चालू कसं करणार?

म्हणून क्रम असा ठेवा. लोकलमॉडकॉन्फिगच्या आधी तुमच्या वापरातलं सगळं एकेकदा लावून चालवा: पेनड्राइव्ह, माउस, वेबकॅम, प्रिंटर, आणि मोबाइलचं यूएसबी टेदरिंग. टेदरिंग विसरू नका, कारण नव्या कर्नलवर वायफाय नाही आणि टेदरिंगही नाही अशी वेळ आली तर उपाय शोधायलाही इंटरनेट उरत नाही. डॉकर किंवा व्हीपीएन वापरत असाल तर तेही चालू करून ठेवा. मग लोकलमॉडकॉन्फिग, आणि त्यानंतर ‘मेक मेनूकॉन्फिग’ उघडून हवा तो ड्रायव्हर हाताने चालू करा.

मेनूकॉन्फिगमध्ये शिरल्यावर हजारो पर्याय पाहून दडपून जाऊ नका, सगळे बघायचे नसतात. स्लॅशची कळ दाबा, शोध उघडतो. तिथे ‘आरटीडब्ल्यू88’ टाका. प्रत्येक निकालात पर्याय मेनूत कुठे आहे ते येतं, तो कशावर अवलंबून आहे ते ‘डिपेंड्स ऑन’पुढे येतं, आणि त्याला दुसरा कुणी ओढून आणतो का ते ‘सिलेक्टेड बाय’पुढे. मेनूतल्या जागेशेजारी कंसात आकडा असतो. तो दाबला की थेट तिथे पोचता. तुमच्यासाठी वाट अशी आहे: डिव्हाइस ड्रायव्हर्स, त्यात नेटवर्क डिव्हाइस सपोर्ट, मग वायरलेस लॅन, त्यात रिअलटेक डिव्हाइसेस, त्याखाली आरटीडब्ल्यू88, आणि तिथे 8821सीयू. त्याला एम द्या, म्हणजे तो मॉड्यूल म्हणून बनेल.

इथला एक बारकावा जवळून बघण्यासारखा आहे. शोधात ‘आरटीडब्ल्यू88_यूएसबी’ असाही पर्याय दिसतो. नाव बघून वाटतं, आपल्याला हाच हवा. पण मेनूत तो सापडत नाही, कारण त्याला मेनूतलं नावच दिलेलं नाही. तो माणसाने निवडायचा पर्याय नाही. 8821सीयू निवडलं की तोच त्याला सोबत घेऊन येतो. ‘सिलेक्टेड बाय’ची ओळ हेच सांगत असते. हे माहीत नसलेला माणूस ‘स्क्रिप्ट्स/कॉन्फिग’ या छोट्या टूलने तो जबरदस्तीने चालू करतो, पुढे ओल्डडेफकॉन्फिग चालवतो, आणि पर्याय चूपचाप नाहीसा होतो. स्क्रिप्ट्स/कॉन्फिग फक्त फाइलमधली ओळ बदलतं, अवलंबित्व तपासत नाही. ते तपासतं पुढचं मेक, आणि न पटणारी ओळ काही न बोलता काढून टाकतं.

म्हणून कॉन्फिगमध्ये काहीही बदललं की मी दोन गोष्टी करतो. ओल्डडेफकॉन्फिग झाल्यावर ग्रेपने (फाइलमध्ये शब्द शोधणाऱ्या कमांडने) ‘.कॉन्फिग’मध्ये माझा पर्याय खरोखर आहे का ते बघतो. आणि सोर्समधल्या ‘स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग’ला ‘.कॉन्फिग.ओल्ड’ आणि ‘.कॉन्फिग’ देऊन काय काय बदललं त्याची यादी काढतो. दोन्ही मिळून मिनिटभराचं काम, आणि त्यावर तासांचा बिल्ड अवलंबून असतो.

आता सर्टिफिकेटचा एरर. मिंट उबंटूवर उभं आहे, म्हणून कॉन्फिग उबंटूची. तिच्यात ‘सिस्टम_ट्रस्टेड_कीज’पुढे ‘डेबियन/कॅनॉनिकल-सर्ट्स.पेम’ असा मार्ग लिहिलेला असतो. ती फाइल उबंटूच्या स्वतःच्या सोर्समध्ये असते, कर्नल डॉट ऑर्गच्या सोर्समध्ये नाही. म्हणून मेक म्हणतं, ही फाइल कशी बनवायची याचा नियम माझ्याकडे नाही. उपाय साधा आहे, ‘स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --सेट-एसटीआर सिस्टम_ट्रस्टेड_कीज’ आणि पुढे रिकामी अवतरणचिन्हं. ‘सिस्टम_रिव्होकेशन_कीज’लाही तेच करा, नाहीतर तोच अडथळा दुसऱ्या नावाने समोर येतो. यामुळे तुमच्या कर्नलची सुरक्षा ढासळत नाही. कॅनॉनिकलच्या, म्हणजे उबंटू बनवणाऱ्या कंपनीच्या चाव्या त्यात भरल्या जात नाहीत, एवढंच. उबंटूची कॉन्फिग आणि मूळ सोर्स एकत्र आल्यावर असे सांधे निसटतात, आणि या एररचा अर्थ कर्नलच्या कागदांत ठळक का नाही याचं कारणही तेच. तो धड कर्नलचाही दोष नाही आणि उबंटूचाही नाही.

डिस्क भरली ती डीबगच्या माहितीमुळे. डिस्ट्रो आपले कर्नल पूर्ण डीबग माहितीसह बिल्ड करतात आणि ती वेगळ्या पॅकेजमध्ये काढून ठेवतात. तुम्हाला ती नको. मेनूकॉन्फिगमध्ये कर्नल हॅकिंग, त्यात कंपाइल-टाइम चेक्स अँड कंपायलर ऑप्शन्स, त्यात डीबग इन्फर्मेशन, आणि तिथे ‘डिसेबल’ निवडा. बिल्डचं फोल्डर कितीतरी लहान होतं, शेवटच्या जोडणीच्या वेळी लागणारी रॅमही उतरते. तरी वीसेक जीबी मोकळी ठेवून सुरू करा.

कोणती पॅकेजं आधी लागतात? बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, आणि एनकर्सेस, ओपनएसएसएल व लिबएल्फ यांची ‘-डेव्ह’ पॅकेजं. नव्या कर्नलसाठी डेबहेल्परही. यादी आवृत्तीगणिक बदलते, म्हणून माझ्या यादीवर विसंबू नका. कोणत्या टूलची किमान कोणती आवृत्ती लागते याचा तक्ता सोर्समध्येच ‘डॉक्युमेंटेशन/प्रोसेस/चेंजेस.आरएसटी’ या फाइलमध्ये असतो. शिवाय ‘बिनडेब-पीकेजी’ सुरुवातीलाच काय कमी आहे ते नावानिशी सांगून थांबतं.

मग ‘मेक -जे4 बिनडेब-पीकेजी’. चार हा आकडा तुमच्या कोअरप्रमाणे ठेवा. ‘एनप्रॉक’ कमांड तो सांगते. रॅम कमी असेल तर आकडाही कमी ठेवा. कंपायलर ‘किल्ड’ म्हणून मधेच मरत असेल तर सोर्समध्ये दोष शोधू नका, रॅम संपली आहे.

दुसरा काही एरर आला तर तो वाचायची पद्धत शिकून घ्या. नवखे लोक शेवटची ओळ पाठवतात, ‘एरर 2’. तिच्यात काहीच नसतं. आतलं मेक थांबलं म्हणून बाहेरचं थांबलं, एवढंच ती सांगते. खरं कारण बरंच वर असतं, आणि समांतर चाललेल्या इतर कामांच्या ओळी त्यावर येऊन पडलेल्या असतात. तीच कमांड ‘-जे’ न लावता पुन्हा चालवा. झालेलं काम वाया जात नाही, मेक थेट अडलेल्या जागी पोचतं आणि पहिला एरर शेवटाजवळच मिळतो.

बिल्ड संपला की ‘.डेब’ फाइली सोर्सच्या वरच्या फोल्डरमध्ये पडलेल्या असतात, आत नाही. त्यातली ‘लिनक्स-इमेज’ आणि ‘लिनक्स-हेडर्स’ ‘डीपीकेजी -आय’ने बसवा. ‘-डीबीजी’ किंवा ‘लिबसी-डेव्ह’ची गरज नाही. बसवतानाच इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लागणारी तात्पुरती फाइलसिस्टीम) तयार होतं आणि ग्रबचा (कोणता कर्नल सुरू करायचा ते ठरवणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू अद्ययावत होतो. ‘मेक इन्स्टॉल’ऐवजी मी हा मार्ग सुचवतो तो काढून टाकण्याच्या वेळेसाठी. पॅकेजने बसवलेला कर्नल एका कमांडने पूर्ण निघतो. ‘मेक इन्स्टॉल’ने बसवलेला ‘/बूट’मधून आणि ‘/लिब/मॉड्यूल्स’मधून हाताने वेचावा लागतो, आणि हाताने पुसताना चालू कर्नलची फाइल पुसली गेली तर मशीन उठत नाही. फेडोरासाठी याच धर्तीवर ‘बिनआरपीएम-पीकेजी’ आहे.

बिल्डच्या आधी ‘लोकलव्हर्जन’ला काही छोटं नाव द्या, म्हणजे ‘यूनेम -आर’ बघून कळेल की आपण आपल्याच कर्नलवर आहोत. जुना कर्नल काढू नका. मिंटवर ग्रबचा मेनू बहुधा लपलेला असतो. यूईएफआय मशीनवर सुरू होताना एस्केप आणि जुन्या बायोसवर शिफ्ट दाबला की दिसतो. त्यातल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल असतो. हा मेनू उघडता येतो की नाही हे नवा कर्नल बसवण्याआधीच तपासून घ्या.

नवा कर्नल बूट होताना ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ म्हणून पॅनिकमध्ये गेला तर घाबरू नका, डेटाला काही झालेलं नसतं. एक तर इनिटरॅमएफएस बनलेलं नाही, किंवा छाटणीत डिस्कचा अथवा फाइलसिस्टीमचा ड्रायव्हर गेला आहे. जुन्या कर्नलने उठा आणि कॉन्फिग बघा. ‘बॅड शिम सिग्नेचर’ आलं तर सिक्युअर बूट चालू आहे आणि तुमच्या कर्नलवर सही नाही. स्वतःची चावी बनवून ‘मोकयूटिल’ने नोंदवायची आणि तिने कर्नलवर सही करायची, हा पक्का उपाय. नुसतं शिकण्यासाठी चाललं असेल तर तेवढ्यापुरतं सिक्युअर बूट बंद करणं सोपं. एनव्हीडिया किंवा व्हर्च्युअलबॉक्सची मॉड्यूल असतील तर ती डीकेएमएस हे टूल नव्या कर्नलसाठी आपोआप बनवून घेतं, पण हेडर्सचं पॅकेज बसवलेलं हवं.

वाचायला काय घ्यावं, हा तुमचा मूळ प्रश्न. सोर्समधल्या ‘डॉक्युमेंटेशन/अ‍ॅडमिन-गाइड’ फोल्डरमध्ये ‘क्विकली-बिल्ड-ट्रिम्ड-लिनक्स.आरएसटी’ ही फाइल आहे. थॉर्स्टन लेमहुइस यांनी लिहिलेली. छाटलेला कर्नल कसा बिल्ड करायचा हे तिच्यात अगदी पायरीपायरीने आहे: आधी थोडक्यात कमांड, मग प्रत्येकीचं स्पष्टीकरण. डेबियन-उबंटूच्या सर्टिफिकेटचा अडथळाही तिथे हाताळलेला आहे. तुम्ही उतरवलेल्या 6.12 मध्ये ती तुमच्या डिस्कवर आधीच आहे. त्यानंतर ‘डॉक्युमेंटेशन/केबिल्ड’मधली केकॉन्फिगची पानं बघा, पण पहिल्या वाचनात सगळी समजतील अशी अपेक्षा ठेवू नका. ‘डिपेंड्स’ आणि ‘सिलेक्ट’ यांतला फरक तेवढा वाचून घ्या. वरचं आरटीडब्ल्यू88_यूएसबीचं कोडं त्या फरकातूनच सुटतं.

स्वतःचा कर्नल रोजच्या वापरात ठेवणार असाल तर एक जबाबदारी अंगावर येते: त्याचे सुरक्षा-अपडेट मिंट देणार नाही. 6.12 ही दीर्घ काळ सांभाळली जाणारी मालिका आहे, तिच्या दुरुस्त्या 6.12 पुढे आणखी एक आकडा लावून येत राहतात. त्या उतरवून तुम्हालाच पुन्हा बिल्ड करावं लागेल. हे जमणार नसेल तर शिकून झाल्यावर अपडेट मॅनेजरमधल्या 6.8 वर परत या.

तुमच्या बाबतीत आता सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही. सोर्सचं फोल्डर ठेवलं असेल तर त्याच ‘.कॉन्फिग’वर मेनूकॉन्फिग उघडा, मॅक80211 आहे का बघा, 8821सीयूला एम द्या, ग्रेपने खात्री करा आणि पुन्हा ‘बिनडेब-पीकेजी’ चालवा. बदललेलं तेवढंच कंपाइल होईल, त्यामुळे या वेळी बिल्ड लवकर आटपेल. नवा कर्नल आल्यावरही डोंगल दिसला नाही तर मला तीन गोष्टी पाठवा: डोंगल लावलेला असताना ‘एलएसयूएसबी’चं पूर्ण आउटपुट, डोंगल लावल्यानंतरच्या ‘डीमेसेज’च्या ओळी, आणि ‘.कॉन्फिग’मधल्या आरटीडब्ल्यू88 असलेल्या सगळ्या ओळी. एवढ्यावरून पुढचं सांगता येईल.